टर्क ब्रोडा : गोलपुढचा पहारेकरी

बर्फावरच्या हॉकीत चेंडू नसतो, कडक रबराची चकती असते. टर्क ब्रोडाच्या काळात ती अडवणारे गोलरक्षक तोंडावर मुखवटाही घालत नसत.

ब्रोडाचा जन्म १९१४ मध्ये कॅनडातील ब्रँडन येथे झाला. १९३६ पासून तो टोरांटो मेपल लीफ्स या व्यावसायिक संघाकडून खेळू लागला. १९४२ च्या स्टॅनली चषकाच्या अंतिम फेरीत डेट्रॉइटने पहिले तीन सामने जिंकले. आणखी एक हरला असता तर चषक गेलाच होता. टोरांटोने पुढचे चारही सामने जिंकले!

तेव्हा दुसरे महायुद्ध चालू होते. १९४३ मध्ये, नाव गाजत असतानाच, ब्रोडा कॅनडाच्या सैन्यात गेला. दोन वर्षांहून अधिक काळ त्याचा खेळ सुटला. १९४५ चा चषक संघाने दुसऱ्या गोलरक्षकाला घेऊन जिंकला. आता ब्रोडाची गरज उरली होती का?

१९४६ मध्ये तो परतला, तेव्हा एकतीस वर्षांचा होता. त्याने आपली जागा पुन्हा मिळवली आणि १९४७, १९४८, १९४९ व १९५१ असे आणखी चार चषक जिंकले. १९७२ मध्ये त्याचे निधन झाले.

मित्रांनो, कर्तव्यासाठी सोडलेली जागा कोणी आपल्यासाठी राखून ठेवत नाही. ब्रोडाने ती परत येऊन स्वतः कमावली.