तसबिरीमागचे खाँसाहेब



सातारा-सांगली भागातील जुन्या घरांत एखादा तरी कौटुंबिक फोटो भिंतीवर असतोच. वडील खुर्चीत, शेजारी आई, उंचीप्रमाणे उभी केलेली मुले. कोणी हसत नाही. अशा फोटोत घराण्याचा मान दिसतो. घरात काय घडले ते दिसत नाही. मिरजेचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची तसबीर आपण पाहिली असेल. डोक्याला फेटा, पिळदार मिशा, शांत डोळे. तीत ते एकटेच आहेत. त्यांचे कुटुंब कोठे गेले?

खाँसाहेबांचा जन्म १८७२ साली उत्तर भारतातील कैराना गावी गवयांच्या घराण्यात झाला. तरुणपणी ते बडोदा दरबारी गायक झाले. तेथे सरदार माने यांची कन्या ताराबाई त्यांच्याजवळ गाणे शिकत असत. दोघांनी घरच्यांचा विरोध पत्करून विवाह केला व बडोदे सोडले. पुढे मिरज हेच त्यांचे गाव झाले. १९१३ साली खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. गुरूच्या घरात राहणारी विद्या त्यांनी शाळेत आणली. सवाई गंधर्व हे त्यांचेच शिष्य.

या दांपत्यास पाच मुले झाली. परंतु १९२२ च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांची नावेही बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीची हिराबाई बडोदेकर झाली, सकीनाची सरस्वतीबाई झाली. बापाचे नाव मुलांच्या नावामागून गेले. खाँसाहेब मिरजेस राहिले.

पण वाचकहो, नाव पुसले तरी विद्या पुसली गेली नाही. सुरेशबाबूंना वडिलांची तालीम मिळाली होती. हिराबाई भावाजवळ आणि किराणा घराण्याच्याच अब्दुल वहीद खाँसाहेबांजवळ शिकल्या. तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या पहिल्या स्त्री गायिकांत त्यांची गणना होते. १९७० साली त्यांना पद्मभूषण मिळाले. ज्यांनी हिराबाईंना ऐकले, त्यांनी खाँसाहेबांचे घराणेच ऐकले.

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीस जाताना खाँसाहेबांची प्रकृती बिघडली. सिंगपेरुमाळ कोईल या लहानशा स्टेशनावर ते उतरले व तेथेच अल्लाला प्यारे झाले. त्यांचा दफनविधी मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याजवळ झाला. उरुसात तेथे त्यांच्या स्मरणार्थ गाण्याच्या मैफली होतात; सर्व धर्मांचे कलावंत हजेरी लावतात.

पालकहो, आपण मुलांसाठी घर, जमीन, नाव मागे ठेवतो. यांतले काय टिकेल हे आपल्या हाती नसते. दिलेले शिक्षण मात्र मुलांपासून कोणी काढून घेऊ शकत नाही. आणि विद्यार्थ्यांनो, आज घरी गेल्यावर भिंतीवरचा फोटो खाली काढा. त्यातील प्रत्येकाचे नाव, गाव आणि काम वडीलधाऱ्यांना विचारून मागे लिहून ठेवा. सांगणारी माणसे आहेत तोवरच हे काम होईल.