अलेक्झांडर हॅमिल्टन : खासगी दोष आणि सार्वजनिक हिशेब



चरित्रनायकाच्या उणिवा कोठे सांगाव्यात आणि किती सांगाव्यात, हा प्रश्न चरित्र या वाङ्मयप्रकाराचा अभ्यास करताना तुम्हाला वारंवार भेटेल. आपल्याकडील बरीच चरित्रे हा प्रश्न टाळूनच लिहिली गेली आहेत. प्रस्तुत घटकासाठी निवडलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र तो टाळता येत नाही, कारण या माणसाने आपली बदनामी स्वतःच छापून प्रसिद्ध केली, आणि तीही आपल्या प्रामाणिकपणाचा पुरावा म्हणून. हा माणूस म्हणजे अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन.

हॅमिल्टनचा जन्म कॅरिबियन समुद्रातील नेव्हिस या छोट्या बेटावर 11 जानेवारी रोजी झाला. वर्ष 1755 की 1757, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. त्याच्या आईवडिलांचा विवाह कायदेशीर नव्हता आणि हा डाग त्याच्या शत्रूंनी अखेरपर्यंत वापरला. वडील कुटुंब सोडून गेले. 1768 मध्ये आईही वारली. पोरका झालेला हा मुलगा सेंट क्रॉय बेटावरील एका व्यापारी पेढीत कारकून झाला. हिशेबाच्या वह्या, जहाजांचा माल, हुंड्या, उधारी हीच त्याची पहिली शाळा. पुढे 1772 च्या चक्रीवादळाचे त्याने केलेले वर्णन छापले गेले, ते वाचून तेथील काही सधन मंडळींनी त्याच्या शिक्षणाची सोय केली आणि तो न्यूयॉर्कला आला. स्वातंत्र्ययुद्ध, वॉशिंग्टनच्या तळावरील सेवा, यॉर्कटाउनची लढाई, वकिली आणि संविधानाच्या समर्थनार्थ लिहिलेल्या 85 निबंधांपैकी 51, एवढे सारे त्याने वयाच्या तिशीच्या आगेमागे उरकले. डिसेंबर 1780 मध्ये त्याचा विवाह जनरल फिलिप स्कायलर यांची कन्या एलिझाबेथ हिच्याशी झाला. न्यूयॉर्कमधील एक बडे घराणे त्याच्या पाठीशी उभे राहिले. या सोयरिकीची आठवण पुढे ठेवा.

सप्टेंबर 1789 मध्ये तो अर्थमंत्री झाला तेव्हा नव्या राष्ट्राची तिजोरी रिकामी होती आणि डोक्यावर युद्धकाळातील कर्ज होते. केंद्राचे सुमारे 5 कोटी 40 लाख डॉलर, तर राज्यांचे सुमारे 2 कोटी 50 लाख. युद्धात लढलेल्या शिपायांना पगाराऐवजी कागदी रोखे देण्यात आले होते. पोटाला हवे म्हणून अनेकांनी ते दर्शनी किमतीच्या काही आण्यांत म्हणावे इतक्या कवडीमोलाने विकून टाकले. जानेवारी 1790 मध्ये हॅमिल्टनने आपला प्रस्ताव मांडला : सर्व कर्ज केंद्राने स्वीकारावे आणि रोखा आज ज्याच्या हाती आहे त्यालाच पूर्ण पैसे द्यावेत. मॅडिसनने विरोध केला. मूळ शिपायाचा वाटा कोठे गेला, असा त्याचा आक्षेप होता. हॅमिल्टनचे उत्तर व्यापाऱ्याचे होते. खरेदीदारावर विश्वास ठेवता आला नाही, तर उद्या सरकारचा कागद कोणी घेणारच नाही. अर्थशास्त्राच्या दृष्टीने तो बरोबर होता, असे मला वाटते. परंतु शिपायाच्या घरी हे अर्थशास्त्र कसे पोहोचले असेल, याचा विचार तुम्हीही करावा.

आता प्रश्न असा की, ही योजना जाहीर होण्याआधी जो कोणी जाणत होता, तो एका रात्रीत श्रीमंत होऊ शकत होता. खेडोपाडी दलाल पाठवून रोखे गोळा करण्याचा सपाटा तेव्हा सुरू झाला होता. म्हणूनच अर्थखाते स्थापन करणाऱ्या 1789 च्या कायद्यात एक कडक कलम होते. या खात्यातील अधिकाऱ्याने व्यापारात भाग घेऊ नये, सरकारी रोखे विकत घेऊ नयेत. घेतल्यास 3000 डॉलर दंड, पदावरून हकालपट्टी आणि पुढे जन्मभर कोणतेही सरकारी पद नाही. हॅमिल्टनचा वार्षिक पगार 3500 डॉलर होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दंडाचे वजन कळेल. हेन्री ली या युद्धातील जुन्या मित्राने सरकारी कर्जाचे पुढे काय होणार, असे पत्राने विचारले, तेव्हा हॅमिल्टनने त्याला रोमच्या सीझरच्या पत्नीची आठवण दिली आणि उत्तर देण्याचे नाकारले. पत्नीवर संशयदेखील येता कामा नये, ही ती जुनी कथा. पुढे काय घडले हे ठाऊक असल्यामुळे हा दाखला आज वाचताना खिन्न व्हायला होते.

स्वतः हात स्वच्छ ठेवले, पण आजूबाजूचे? त्याचा सहायक विल्यम ड्युअर पदावर असतानाच रोख्यांच्या सट्ट्यात गुंतलेला होता. काही महिन्यांतच त्याने पद सोडले, मात्र सट्टा सोडला नाही. मार्च 1792 मध्ये तो बुडाला, त्याच्याबरोबर न्यूयॉर्कचा बाजार कोसळला आणि ड्युअर कर्जबुडव्यांच्या तुरुंगात गेला. तेथून तो जवळजवळ सुटलाच नाही. सरकारने त्याच्यावर जुन्या थकबाकीचा दावा लावला होता. हॅमिल्टनने तो थांबवला नाही. सासरे फिलिप स्कायलर हे सिनेटचे सदस्य होते आणि त्यांच्याजवळही सरकारी रोखे होते. जावयाच्या योजनेवर सासऱ्याने मत द्यावे आणि त्या मताने सासऱ्याचीच मालमत्ता वाढावी, याला कोणताही कायदा आड येत नव्हता. कलम अधिकाऱ्याला बांधत होते, त्याच्या सोयऱ्याधायऱ्यांना नव्हे. विरोधकांच्या संशयाला मुळे होती ती येथे.

येथे एका शब्दाकडे लक्ष वेधतो. भाषेच्या अभ्यासकाची ही खोड समजा. आज आपण खासगी म्हणतो ते सार्वजनिकच्या विरुद्ध अर्थाने. मराठेशाहीत मात्र खासगी हा हिशेबाचा शब्द होता : राजघराण्याचे वैयक्तिक उत्पन्न आणि दौलतीचे उत्पन्न वेगळे राखण्यासाठी वापरलेला. होळकरांची खासगी प्रसिद्ध आहे. म्हणजे आपल्याकडे या शब्दाचा जोर चारित्र्यावर नव्हता, वहीवर होता. कोणता पैसा कोणत्या वहीतला? हॅमिल्टनच्या आयुष्यातील पुढचे प्रकरण याच प्रश्नाभोवती फिरते.

1791 च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियातील त्याच्या घरी मारिया रेनॉल्ड्स नावाची तेवीस वर्षांची स्त्री आली. नवऱ्याने टाकले आहे, माहेरच्या माणसांकडे जायला पैसे नाहीत, अशी तिची कहाणी. संध्याकाळी हॅमिल्टन पैसे घेऊन तिच्या बिऱ्हाडी गेला आणि संबंध सुरू झाले. एलिझाबेथ त्या काळात मुलांसह ऑल्बनीला वडिलांकडे होती. डिसेंबरमध्ये नवरा जेम्स रेनॉल्ड्स प्रकट झाला आणि आपल्या दुखावलेल्या अब्रूची किंमत त्याने 1000 डॉलर ठरवली. हॅमिल्टनने ती दोन हप्त्यांत दिली : 600 आणि 400. त्यानंतर उसने म्हणून मागितलेल्या लहान लहान रकमा चालूच राहिल्या, आणि संबंधही 1792 पर्यंत चालू राहिले. रेनॉल्ड्सने अर्थखात्यात नोकरीही मागितली. ती मात्र त्याला मिळाली नाही.

नोव्हेंबर 1792 मध्ये रेनॉल्ड्स आणि जेकब क्लिंगमन हे दोघे पकडले गेले. शिपायांच्या थकीत रकमा खोट्या दाव्यांनी लाटण्याचा त्यांचा धंदा होता, आणि त्यासाठी त्यांनी शिपायांच्या नावांची यादी अर्थखात्यातूनच मिळवली होती. पैसे परत करणे, यादी सुपूर्त करणे आणि ती फोडणाऱ्या कारकुनाचे नाव सांगणे, या अटींवर त्यांच्यावरचा खटला मागे घेण्यात आला. खटला मागे घेणारे अधिकारी हॅमिल्टनच्याच हाताखालचे. मित्रहो, माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत गंभीर गोष्ट ही आहे, व्यभिचार दुय्यम. ज्याच्या हाती मंत्र्याचे गुपित आहे, त्याच माणसाला शिक्षा द्यायची की नाही हे मंत्र्याच्या खात्याने ठरवायचे! निर्णय कदाचित योग्यही असेल. तो योग्य होता हे सिद्ध करण्याची जागा मात्र हॅमिल्टनने आधीच गमावली होती.

15 डिसेंबर 1792 रोजी म्यूलेनबर्ग, व्हेनेबल आणि मन्रो हे काँग्रेसचे तीन सदस्य त्याच्या भेटीस आले. रेनॉल्ड्सला दिलेला पैसा सरकारी रोख्यांच्या सट्ट्यासाठी होता, असा त्यांचा संशय. हॅमिल्टनने सारी पत्रे समोर ठेवली आणि खरे कारण सांगितले. तिघे गृहस्थ अवघडले, आपले समाधान झाल्याचे त्यांनी सांगितले आणि निरोप घेतला. गुप्तता पाळायची असे ठरले. परंतु कागदांच्या नकला झाल्या होत्या. साडेचार वर्षांनी, 1797 च्या उन्हाळ्यात, जेम्स कॅलेंडर या पत्रकाराने ते सारे छापले आणि व्यभिचाराची कथा हा भ्रष्टाचारावरचा पडदा आहे, असे सुचवले. हॅमिल्टन तोवर पदावरून पायउतार होऊन वकिली करीत होता. मित्रांना वाटत होते त्याने गप्प बसावे. त्याने 95 पानांची पुस्तिका काढली. आपण सट्टा केला नाही, आपला अपराध परस्त्रीशी संबंध हाच, असा तिचा आशय. आणि पुरावा म्हणून मागे पत्रांची परिशिष्टे. ती बाहेर पडली त्याच ऑगस्ट महिन्यात एलिझाबेथ सहाव्या मुलाची आई झाली होती.

त्या पत्रांविषयी थोडे थांबून बोलू. मारियाच्या म्हणून छापलेल्या पत्रांत शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ आहेत. कॅलेंडरने त्यावरच बोट ठेवले : चुका वरवरच्या आहेत, त्या काढून टाकल्या तर वाक्यरचना शिकलेल्या माणसाची वाटते, म्हणजे पत्रे हॅमिल्टननेच रचली. विसाव्या शतकातही एका मोठ्या इतिहाससंपादकाने हा संशय पुन्हा मांडला. बहुतेक चरित्रकार तो मानत नाहीत. भाषाविज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मला हा युक्तिवाद कच्चा वाटतो. लेखनातील अशुद्धता आणि भाषेवरील पकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऐकून आणि बोलून भाषा पक्की झालेला, पण शाळेत फारसा न गेलेला माणूस नेमके असेच लिहितो. तुमच्या घरातील एखादे जुने पत्र काढून पाहा. तरीही अडचण उरतेच. मूळ पत्रे विल्यम बिंगहॅम या गृहस्थाकडे ठेवली आहेत, असे हॅमिल्टनने लिहिले. बिंगहॅमने ती आपल्याकडे नसल्याचे सांगितले. ती कधीच सापडली नाहीत. आपल्यापुढे आहे तो मारियाचा आवाज हॅमिल्टनच्या पुस्तिकेतून आलेला. 1793 मध्ये तिने नवऱ्यापासून घटस्फोट घेतला तेव्हा तिचा वकील होता ॲरन बर, ज्याने 1791 मध्ये फिलिप स्कायलर यांना सिनेटमधून हरवले होते.

पुस्तिकेने काय साधले? संसदीय चौकशांत हॅमिल्टनवर गैरव्यवहार कधी सिद्ध झाला नाही, आणि आजही होत नाही. राष्ट्राध्यक्षपदाची आशा मात्र जवळपास संपली. मन्रोशी द्वंद्वयुद्धाची वेळ आली, ती टाळण्यात बरनेच मध्यस्थी केली. 1801 मध्ये थोरला मुलगा फिलिप वडिलांच्या बदनामीवरून झालेल्या द्वंद्वात एकोणिसाव्या वर्षी मारला गेला. 11 जुलै 1804 रोजी न्यू जर्सीतील वीहॉकेन येथे, अमेरिकेचा विद्यमान उपाध्यक्ष असलेल्या बरच्या गोळीने हॅमिल्टन जखमी झाला आणि दुसऱ्या दिवशी वारला. राष्ट्राच्या कर्जाची घडी बसवणाऱ्या या माणसाच्या मागे कर्जच निघाले. मित्रांनी वर्गणी करून कुटुंबाला हात दिला.

एलिझाबेथ त्यानंतर पन्नास वर्षे जगली. 1806 मध्ये न्यूयॉर्कच्या अनाथाश्रमाच्या संस्थापक स्त्रियांत ती होती, आणि नवऱ्याचे कागद जमवून त्याचे चरित्र लिहवून घेण्यासाठी तिने मुलाच्या मागे तगादा लावला. त्याची तिला आलेली पत्रे तिने जपली. तिने त्याला लिहिलेली जवळजवळ एकही उपलब्ध नाही, आणि 1797 च्या त्या पुस्तिकेविषयी तिने लिहिलेली एक ओळही आपल्याजवळ नाही. 1854 मध्ये, सत्त्याण्णव वर्षांची असताना, ती वारली आणि ट्रिनिटी चर्चच्या आवारात त्याच्याशेजारीच तिला पुरण्यात आले.