विश्लेषण : मार्चअखेर परदेशी ऑनलाइन लिलाव तासभर आधी का संपतात? कोण होते विल्यम विलेट?

भंडारा जिल्ह्यातील वाळूघाटाचा ई-लिलाव असो की सरकारी भंगाराचा, बोलीची वेळ भारतीय प्रमाणवेळेनुसार ठरते. पण भंडारा, तुमसर किंवा साकोलीत बसून लंडनमधील जुन्या नाण्यांच्या लिलावात मोबाइलवरून बोली लावणाऱ्याला मार्चअखेर फटका बसू शकतो. तिथे दुपारी ३ वाजता बंद होणारा लिलाव हिवाळ्यात आपल्याकडे रात्री ८.३० वाजता संपतो. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून तो सायंकाळी ७.३० वाजताच संपतो. शेवटच्या पाच मिनिटांसाठी थांबलेल्याच्या हातून नाणे निसटते. या एका तासामागे विल्यम विलेट यांची धडपड आहे.

कोण होते विलेट?

विलेट यांचा जन्म १८५६ मध्ये इंग्लंडमधील फार्नहॅम येथे झाला. वडिलांच्या बांधकाम व्यवसायात ते उतरले आणि दर्जेदार घरे बांधणारे म्हणून लंडनमध्ये नावारूपाला आले. १९०५ च्या उन्हाळ्यात भल्या पहाटे घोड्यावरून फिरताना त्यांच्या लक्षात आले, की चांगले उजाडले तरी बहुतेक घरांचे पडदे बंदच आहेत. सकाळचा उजेड वाया जातो आणि संध्याकाळी दिवे जाळावे लागतात, हे त्यांना खटकले.

नेमकी कल्पना काय होती?

१९०७ मध्ये त्यांनी स्वखर्चाने पुस्तिका छापली. एप्रिलच्या चार रविवारी घड्याळ २०-२० मिनिटे, म्हणजे एकूण ८० मिनिटे पुढे करायचे आणि सप्टेंबरमध्ये तसेच टप्प्याटप्प्याने मागे आणायचे, असा प्रस्ताव त्यात होता. न्यूझीलंडच्या जॉर्ज हडसन यांनी १८९५ मध्येच अशी सूचना केली होती. विलेट यांनी मात्र त्यासाठी पुढची सर्व वर्षे खर्ची घातली.

विरोध का झाला?

१९०८ मध्ये ब्रिटिश संसदेत विधेयक आले. विन्स्टन चर्चिल यांचा पाठिंबा होता, तरी ते मंजूर झाले नाही. शेतीची कामे घड्याळावर नव्हे, सूर्यावर चालतात, असे शेतकऱ्यांचे म्हणणे होते. लंडनच्या शेअर बाजारालाही धास्ती होती. लंडनचे घड्याळ पुढे गेले, तर न्यूयॉर्कचा बाजार उघडा असतानाचा सामाईक वेळ कमी होणार होता. आज लिलावात बोली लावणाऱ्याची अडचण याच जातीची आहे. एका देशाने घड्याळ हलवले, की दुसऱ्याचा हिशेब चुकतो.

कल्पना कधी स्वीकारली गेली?

४ मार्च १९१५ रोजी विलेट यांचे निधन झाले. त्यानंतर वर्षभराहून थोड्या अधिक काळाने, पहिल्या महायुद्धात कोळसा वाचवण्यासाठी जर्मनीने ३० एप्रिल १९१६ रोजी घड्याळे एक तास पुढे केली. ब्रिटनने २१ मे रोजी तेच केले. विलेट यांना हे पाहता आले नाही. पेट्स वूड येथे त्यांच्या स्मारकातील सूर्यघड्याळ उन्हाळी वेळच दाखवते.

भारतात असे का होत नाही?

भारतातही दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात घड्याळे एक तास पुढे होती. नंतर हा प्रकार थांबला. लंडनमध्ये सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात जवळपास नऊ तासांचा फरक असतो. भंडाऱ्यात तो सुमारे अडीच तासच आहे. त्यामुळे घड्याळ हलवून फारसा उजेड हाती लागत नाही.

बोली लावताना काय पाहावे?

- लिलाव तिथल्या घड्याळातील ठरावीक वेळेला बंद होत असेल, तर मार्चनंतर तो आपल्याकडे एक तास आधी संपतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जुनी वेळ परत येते.
- लिलाव सात दिवस, म्हणजे पूर्ण १६८ तास चालणारा असेल, तर भारतीय वेळ बदलत नाही. मधल्या काळात घड्याळ पुढे गेले, तर तिथेच तो तासभर उशिरा संपलेला दिसतो.
- अमेरिकेत बदल मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो. त्यामुळे लंडन व न्यूयॉर्कचे वेळापत्रक काही आठवडे जुळत नाही.

मार्च, ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये जाहिरातीतील वेळेपेक्षा स्क्रीनवरील उलटी मोजणी पाहणे अधिक सुरक्षित.