इंदूरास येऊन गेलेला शिल्पकार

पॅरिसच्या भर वस्तीत पॉम्पिदू केंद्र नावाची एक अवाढव्य वास्तू आहे. आधुनिक आणि समकालीन कलेचे हे संग्रहालय 1977 साली उघडले. निळे, हिरवे, पिवळे, तांबडे नळ इमारतीच्या बाहेरच्या अंगास लावलेले असल्यामुळे प्रथम पाहणारास तो एखादा कारखानाच वाटतो. समोरच्या उतरत्या पटांगणात सदा गर्दी, कसरतीचे खेळ आणि वाद्ये. त्याच पटांगणाच्या कडेस एक बुटकी, अबोल इमारत आहे. 1997 साली रेन्झो पियानो या स्थापत्यकाराने ती बांधली. आत काचेच्या भिंतींपलीकडे एका शिल्पकाराच्या चार खोल्या, तो सोडून गेला त्याच मांडणीने लावलेल्या. पाहणाराने काचेभोवती फिरायचे, आत पाऊल टाकायचे नाही.

हा शिल्पकार म्हणजे कॉन्स्तन्तिन ब्रांकुशी. पॅरिसला जाणारी आपली मंडळी आयफेल मनोरा आणि लूव्र पाहून परततात. परंतु इंदूरकरांनी तरी ही काचेची दालने ओळखीची मानावयास हवीत, कारण 1938 च्या जानेवारीत हा गृहस्थ आपल्या इंदुरात मुक्कामास होता.

ब्रांकुशीचा जन्म 19 फेब्रुवारी 1876 चा, रुमानियातील होबित्सा या खेड्यातला. घर शेतकऱ्याचे. लहानपणी मेंढरे राखली आणि घरातून पळूनही गेला. क्रायोवा शहरात एका खानावळीत नोकरीस असताना त्याने म्हणे फळांच्या खोक्याच्या फळ्यांतून व्हायोलिन तयार केले. ते पाहून चकित झालेल्या एका धनिकाने त्याला तिथल्या कलाकौशल्याच्या शाळेत घातले. आमच्यासारख्या सुरांच्या धंद्यातल्या माणसास या कथेचे अगत्य जरा जास्तच! पण पुढे जन्मभर तो लाकूड हाती घेई ते तो जिन्नस ओळखणाऱ्या सुताराप्रमाणे, यात संशय नाही.

बुखारेस्टच्या कलाशाळेतून 1902 साली बाहेर पडल्यावर तो म्युनिकमार्गे पॅरिसला निघाला. वाटेचा बराच भाग त्याने पायी काढला आणि 1904 साली तो तेथे पोहोचला. खाणावळीत भांडी घासली, रुमानियन प्रार्थनामंदिरात स्तोत्रे गायिली. 1907 साली रोदँसारख्या महान शिल्पकाराच्या हाताखाली काम मिळाले, ते त्याने थोड्याच दिवसांत सोडले. मोठ्या वृक्षाच्या सावलीत दुसरे रोप वाढत नाही, हे त्याने वेळीच जाणले. दरबारी गवयांच्या घरात वाढलेल्यास यातले मर्म सांगावे लागत नाही. उस्तादाच्या मागे जन्मभर तंबोरा धरून बसलेल्या आणि तिथेच विरून गेलेल्या गुणी शिष्यांच्या कितीतरी गोष्टी आम्ही ऐकल्या आहेत.

मातीचा नमुना करून त्यावरून दगड घडवायचा ही रीत टाकून ब्रांकुशीने थेट दगडालाच हात घातला. हळूहळू नाक-डोळे गळाले, पिसे गळाली, पाय गळाले. 1923 पासून तो ‘अवकाशातील पक्षी’ घडवू लागला. त्यात पक्षी शोधू गेल्यास सापडत नाही. असते ती वर झेपावणारी एक निमुळती रेघ, आरशासारखी घासलेली. एकच कल्पना त्याने संगमरवरात आणि ब्राँझमध्ये वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा घडविली. चित्रांच्या जाणकारांना हे एकसुरी वाटले असेल. एक राग तीस वर्षे गाऊनही पुरा झाला असे न म्हणणाऱ्याला तसे वाटणार नाही.

1926 साली यातला एक पक्षी न्यूयॉर्कच्या बंदरात उतरला, तेव्हा जकात खात्याने तो कलाकृती मानण्यास साफ नकार दिला. धातूची वस्तू म्हणून त्यावर 40 टक्के जकात बसली. प्रकरण न्यायालयात गेले. शिल्पाने निसर्गातील वस्तूची नक्कल केलीच पाहिजे काय, या प्रश्नावर साक्षी झाल्या, आणि 1928 च्या नोव्हेंबरात निकाल ब्रांकुशीच्या बाजूने लागला. आधुनिक कलेच्या इतिहासात हा निकाल आजही सांगितला जातो.

आता इंदूरची हकीकत. यशवंतराव महाराज होळकर ऑक्सफर्डला शिकलेले, नव्या युरोपीय कलेचे मर्मज्ञ. एकार्ट मुथेसियुस या जर्मन वास्तुकाराकडून त्यांनी माणिकबाग राजवाडा उभारला, त्याच काळात फ्रेंच लेखक आंरी-पिएर रोशे यांच्यामार्फत ते ब्रांकुशीच्या स्टुडिओत गेले. ब्राँझचा पक्षी घेतला, मागाहून एक काळ्या आणि एक पांढऱ्या संगमरवराचा मागविला. या तिन्ही पक्ष्यांसाठी इंदुरात एक ध्यानमंदिर बांधावे असे ठरले. मध्ये पाण्याचे कुंड, त्यात पक्ष्यांची प्रतिबिंबे, आणि छताच्या झरोक्यातून ठराविक दिवशी ब्राँझच्या पक्ष्यावर पडणारा सूर्यप्रकाश, अशी शिल्पकाराच्या मनातली योजना होती.

1937 साली महाराणी संयोगितादेवी अकाली निवर्तल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस एकसष्ट वर्षांचा ब्रांकुशी हिंदुस्थानास निघाला. इंदुरात तो महिनाभर वाट पाहत राहिला, पण मंदिराच्या बोलण्याकरिता महाराज उपलब्ध झाले नाहीत, आणि तो परतला. दोष कोणास द्यावा? पत्नीवियोग झालेल्या तरुण राजास देववत नाही. पण या शहराचे केवढे नुकसान झाले, हे स्पष्ट बोलले पाहिजे. त्याच सुमारास रुमानियातील तर्गु जिऊ गावी, पहिल्या महायुद्धात पडलेल्या सैनिकांसाठी त्याने सुमारे 29 मीटर उंचीचा अंतहीन स्तंभ उभारला होता. त्या शिल्पसमूहाचे लोकार्पण 27 ऑक्टोबर 1938 रोजी झाले आणि 2024 साली तो जागतिक वारसा ठरला. त्या लहानशा गावी जे घडले ते होळकरांच्या राजधानीत घडायचे राहून गेले.

इंदूरचे पक्षी पुढे पांगले. ब्राँझचा कॅलिफोर्नियात पॅसाडिनाच्या नॉर्टन सायमन संग्रहालयात आहे. संगमरवराचे दोन्ही 1973 साली ऑस्ट्रेलियातील कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनाने घेतले. माणिकबागेत सरकारी कचेरी आली, आणि तीही नेमकी अबकारी व सीमाशुल्क खात्याची.

आपल्या कामाचे तुकडे होऊन ते जगभर जातात, ही बोच ब्रांकुशीला होतीच. त्याच्या दृष्टीने एका शिल्पाला दुसऱ्याशेजारी अर्थ येई. मधल्या रिकाम्या जागेचे मोलही दगडाइतकेच. इंपास रोन्सँ या गल्लीतल्या स्टुडिओत तो बैठका हलवी, मांडणी बदली, फोटो काढी. शिल्प विकले गेले की त्याच्या जागी प्लास्टरची प्रत उभी करी, जोडणी मोडू नये म्हणून. म्हातारपणी नवे घडविणे जवळजवळ थांबले, मांडणे मात्र चालूच राहिले. रुमानियातील तेव्हाच्या कम्युनिस्ट राजवटीस त्याच्या कलेचे वावडे होते. 1952 साली तो फ्रेंच नागरिक झाला. 1956 साली त्याने स्टुडिओ जसाच्या तसा पुन्हा उभारण्याच्या अटीवर सर्व काही फ्रान्सला देऊन टाकले. त्यात 137 शिल्पे आणि 87 बैठका होत्या. 16 मार्च 1957 रोजी तो वारला. त्याला मोंपार्नासच्या दफनभूमीत पुरले.

अट पाळायला फ्रान्सला चाळीस वर्षे लागली. 1962 साली एका संग्रहालयात थोडा भाग मांडला. 1977 साली पॉम्पिदूसमोर पुन्हा उभारलेली वास्तू 1990 साली पाणी शिरून बंद पडली. तेव्हा कुठे पियानोची इमारत आली. 2025 साली पॉम्पिदू केंद्रही मोठ्या दुरुस्तीसाठी बंद झाले. ते उघडल्यावर कोणी पॅरिसला गेला तर त्याने ब्रांकुशीच्या मांडणीतले प्लास्टरचे पक्षी अवश्य पाहावेत. त्यांची इंदूरला आलेली भावंडे आता पाहायची, तर पॅसाडिना आणि कॅनबेरा गाठावे लागते.