शंभर गेले, दोघे परतले

चीनच्या हान घराण्यातील सम्राट वू याला शत्रूचा शत्रू हवा होता. उत्तरेच्या गवताळ प्रदेशातील शिओंग्नू या भटक्या घोडेस्वारांनी इ.स.पू. २०० मध्ये हान घराण्याच्या संस्थापकालाच वेढ्यात कोंडले होते. तेव्हापासून रेशीम, धान्य आणि राजकन्या धाडून शांतता विकत घेतली जाई. अशात कैद्यांकडून बातमी कळली, की शिओंग्नूंनी युएची टोळीच्या राजाला मारून त्याच्या कवटीचा पेला केला आहे आणि सूडाने धुमसणारे युएची पश्चिमेकडे निघून गेले आहेत. त्यांच्याशी तह करण्यासाठी दरबारातील एक कनिष्ठ अधिकारी आपणहून पुढे आला. तो झांग छियान.

इ.स.पू. १३८ च्या सुमारास शंभराहून अधिक माणसांसह तो निघाला. वाट शत्रूच्याच मुलखातून जात होती; तो पकडला गेला. दहा वर्षे कैदेत गेली. तेथे त्याला बायको मिळाली, मुलगा झाला. राजदूतपदाचा दंड मात्र त्याने जपून ठेवला. संधी साधून पळाला, तोही घराच्या उलट दिशेने, पश्चिमेला!

फरगान्यामार्गे त्याने अमुदर्याकाठी युएचींना गाठले, तर ते सुपीक भूमीत सुखाने नांदत होते. सूडाची त्यांना आता इच्छा उरली नव्हती. (कनिष्काचे कुशाण घराणे पुढे यांच्यातूनच उदयाला आले.) तेथेच, बॅक्ट्रियात, त्याला चीनच्या शू प्रांतातील कापड दिसले. व्यापाऱ्यांनी ते शेनदूहून, म्हणजे आपल्या भारतातून, आणले होते.

परतताना पुन्हा कैद झाली. शिओंग्नूंचा राजा वारल्यावर माजलेल्या भाऊबंदकीत तो बायकोसह निसटला आणि इ.स.पू. १२६ च्या सुमारास तेरा वर्षांनी स्वदेशी पोहोचला. मूळच्या माणसांपैकी सोबत होता एकटा गान्फू. मुलाचा उल्लेख इतिवृत्तात पुन्हा येत नाही.

वाळवंटातील पाणी आणि चारा ठाऊक असल्याने सेनेला त्याचा उपयोग झाला, सरदारकी मिळाली. पण इ.स.पू. १२१ मध्ये रणांगणावर उशिरा पोहोचला म्हणून त्याला देहदंड फर्मावण्यात आला. दंड भरून जीव वाचला, सरदारकी गेली. तरीही त्यानेच सम्राटाला वूसुन टोळीशी मैत्रीचा सल्ला दिला आणि इ.स.पू. ११९ च्या सुमारास तो स्वतः तिकडे गेला. त्यांनीही टाळाटाळ केली. मात्र आपले दूत त्याच्यासोबत धाडले.

काही काळातच तो वारला. पुढे वूसुनांच्या राजाला हान राजकन्या देण्यात आली आणि इ.स.पू. ७१ मध्ये वूसुनांच्या पन्नास हजार स्वारांनी हान सैन्याच्या जोडीने शिओंग्नूंचा कणा मोडला.