दानाचा जमाखर्च जाणणारा चित्रकार : विल्यम होगार्थ

दान म्हटले की प्रथम द्रव्य आठवते. ज्याच्या गाठीशी धन आहे त्याने ते सत्कार्यी लावावे, ही आपल्याकडील जुनी शिकवण आहे. परंतु ज्याच्याजवळ धनाचा मोठा साठा नाही, मात्र हातात कला आहे, त्याने काय द्यावे? अठराव्या शतकातील इंग्लंडचे ख्यातनाम चित्रकार विल्यम होगार्थ यांचे जीवन म्हणजे या प्रश्नाचे उत्तर होय. त्यांनी आपली चित्रे टाकून दिलेल्या बालकांच्या आश्रयगृहाला दिली, स्नेही चित्रकारांकडून देवविली आणि ती पाहण्यास येणाऱ्या धनिकांच्या थैल्या निराधार बालकांसाठी मोकळ्या होतील अशी व्यवस्था लावून दिली.

होगार्थ यांचा जन्म १० नोव्हेंबर १६९७ रोजी लंडन शहरातील स्मिथफील्ड बाजाराजवळच्या बार्थोलोम्यू क्लोज या वस्तीत झाला. वडील रिचर्ड होगार्थ हे लॅटिन भाषेचे शिक्षक व पाठ्यपुस्तकांचे लेखक. विद्वत्ता उदंड, पण व्यवहारात अपयशी. त्यांनी ग्राहकांशी लॅटिनमध्येच संभाषण चालेल असे एक कॉफीगृह काढले. ते चालले नाही, कर्ज मात्र वाढले. विल्यम जेमतेम दहा वर्षांचा असताना वडिलांना कर्जापायी फ्लीट तुरुंगात जावे लागले आणि सुमारे चार-पाच वर्षे कुटुंबाने त्या तुरुंगाच्या छायेत काढली. पुस्तक विक्रेत्यांनी वडिलांच्या श्रमाचे योग्य मोल दिले नाही, हे शल्य होगार्थ यांच्या मनात अखेरपर्यंत राहिले. आपल्या कष्टाचे मोल आपल्याच हाती राहिले पाहिजे, हा धडा त्यांनी बालपणीच घेतला.

१७१४ च्या सुमारास ते चांदीच्या भांड्यांवर नक्षी कोरणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीसाठी राहिले. १७२० मध्ये त्यांनी स्वतःचे कोरीवकामाचे दुकान थाटले. पुढे राजदरबारचे चित्रकार सर जेम्स थॉर्नहिल यांच्या चित्रशाळेत ते जाऊ लागले आणि १७२९ मध्ये थॉर्नहिल यांची कन्या जेन हिच्याशी, तिच्या वडिलांच्या संमतीविना, त्यांनी विवाह केला.

त्या काळी चित्रकाराला धनवान आश्रयदात्याच्या मर्जीवर जगावे लागे. होगार्थ यांनी वेगळा मार्ग काढला. मूळ तैलचित्र रंगवायचे, त्यावरून तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापे काढायचे आणि आगाऊ वर्गणी घेऊन ते सामान्य नागरिकांना विकायचे. खेड्यातून लंडनला आलेल्या एका भोळ्या मुलीचा कसा अधःपात झाला, हे सहा चित्रांतून सांगणारी त्यांची मालिका १७३२ मध्ये प्रसिद्ध झाली. एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग, या दराने तिचे १,२०० हून अधिक संच विकले गेले. या मालिकेच्या शेवटच्या चित्रात त्या अभागी स्त्रीच्या शवपेटीपाशी तिचा लहानगा मुलगा भोवरा घेऊन बसलेला आहे. भोवती जमलेल्यांपैकी एकाचेही त्याच्याकडे लक्ष नाही. त्या मुलाचे पुढे काय होणार, हा प्रश्न चित्रात अनुत्तरित राहतो. होगार्थ यांच्या पुढील आयुष्याने मात्र त्याचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला.

मालिकेला यश मिळताच तिच्या चोरट्या नकला बाजारात आल्या. होगार्थ यांनी सहकारी कलावंतांसह संसदेकडे दाद मागितली आणि २५ जून १७३५ पासून कोरीव चित्रांच्या कर्त्याला १४ वर्षांचा हक्क देणारा कायदा अमलात आला. तो कायदा होगार्थ यांच्याच नावाने ओळखला जातो. आपली पुढील मालिका त्यांनी हा कायदा लागू होईपर्यंत हेतुपुरस्सर रोखून धरली होती. आपल्या मालाचे मोल इतके काटेकोरपणे जपणारा हा गृहस्थ दानाच्या प्रसंगी मात्र सढळ होत असे.

त्याचा पहिला मोठा प्रत्यय त्यांच्या जन्मस्थळाजवळच आला. सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या नव्या इमारतीतील भव्य जिन्याची भिंत रंगविण्याचे काम व्हेनिसच्या एका चित्रकाराकडे जाण्याच्या बेतात होते. होगार्थ यांनी पुढे होऊन ते काम विनामूल्य करण्याची तयारी दर्शविली. १७३६ व १७३७ या वर्षांत रोग्यांना बरे करणारा येशू आणि वाटेत घायाळ पडलेल्या परक्याची शुश्रूषा करणारा दयाळू प्रवासी, अशी दोन चित्रे त्यांनी पूर्ण केली. पहिले चित्र सुमारे २० फूट रुंद आहे. स्वदेशी चित्रकार परकीयांहून उणा नाही हे दाखविण्याची ईर्षा या दानामागे होती, हे मान्य केले पाहिजे. पण हेतूत थोडा अभिमान मिसळला म्हणून रुग्णांना मिळालेला आनंद कमी होत नाही.

होगार्थ यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे सेवाकार्य घडले ते कॅप्टन टॉमस कोरम यांच्या सहवासामुळे. कोरम हे जहाजबांधणी व सागरी व्यापारात आयुष्य घालविलेले सरळमार्गी गृहस्थ. लंडनच्या रस्त्यांच्या कडेला टाकून दिलेली अर्भके, काही जिवंत, काही मृत, त्यांच्या दृष्टीस वारंवार पडत. अशा बालकांसाठी आश्रयगृह उभारण्याचा त्यांनी ध्यास घेतला. अनौरस संततीला आश्रय देणे म्हणजे अनीतीला उत्तेजन देणे, असे प्रतिष्ठित समाज म्हणत असे. तरीही कोरम यांनी तब्बल १७ वर्षे दारोदार फिरून स्वाक्षऱ्या मिळविल्या. प्रथम उमरावांच्या घराण्यांतील २१ स्त्रियांनी त्यांच्या अर्जावर सही केली. अखेर १७ ऑक्टोबर १७३९ रोजी राजे दुसरे जॉर्ज यांनी सनद दिली आणि ‘फाउंडलिंग हॉस्पिटल’ ही संस्था स्थापन झाली. नावात हॉस्पिटल असले तरी ते रुग्णालय नव्हते, टाकून दिलेल्या बालकांचे आश्रयगृह होते.

सनदेतील विश्वस्तांच्या यादीत होगार्थ यांचे नाव होते. वर्गणी गोळा करण्यासाठी जी पत्रे छापली गेली, त्यांच्या शीर्षभागी होगार्थ यांनी चित्र काढून दिले. १७४० मध्ये त्यांनी कोरम यांचे भव्य व्यक्तिचित्र रंगवून संस्थेला अर्पण केले. असे पूर्णाकृती चित्र तोवर राजेरजवाडे व उमराव यांचेच काढले जाई. येथे मात्र खांब आणि पडद्यांच्या थाटात एक साधा, ठेंगणा, लाल कोटातील म्हातारा बसलेला आहे. डोक्यावर कृत्रिम केसांचा टोप नाही, स्वतःचे पांढरे केस आहेत. हातात सनदेची राजमुद्रा आहे आणि मागे समुद्रावर जहाजे आहेत. माणसाचा मोठेपणा कुळात नसून कार्यात असतो, हे या चित्राने रंगांच्या भाषेत सांगितले.

२५ मार्च १७४१ च्या रात्री संस्थेचे दार प्रथम उघडले आणि ३० बालके घेताच जागा भरली. बाहेर उरलेल्या मातांचा आक्रोश ऐकवत नव्हता. पुढच्या वर्षी विश्वस्तांनी चेंडूंची पद्धत सुरू केली. मातेने पिशवीत हात घालून एक चेंडू काढायचा. पांढरा निघाला तर तपासणीनंतर मुलाला प्रवेश, तांबडा निघाला तर प्रतीक्षा, काळा निघाला तर मुलाला घेऊन माघारी. मूल ठेवून जाताना माता खुणेसाठी एखादा कापडाचा तुकडा, नाणे वा फीत मागे ठेवीत. कधीतरी दिवस पालटले तर आपले मूल ओळखून परत नेता यावे, एवढीच त्यामागील आशा. बहुतेक मुलांना न्यायला कोणी परत आले नाही.

काळा चेंडू म्हणजे संस्थेच्या तिजोरीत पैसा नाही, असाच त्याचा अर्थ होता. तेव्हा पैसा आणायचा कोठून? येथे होगार्थ यांची व्यापारी बुद्धी कामास आली. त्या काळी लंडनमध्ये चित्रे पाहण्यासाठी सार्वजनिक दालन नव्हते. उत्तम चित्रे धनिकांच्या वाड्यांत बंद असत आणि स्वदेशी चित्रकारांना आपली कृती लोकांपुढे मांडण्यास जागाच नव्हती. ब्लूम्सबरी भागातील संस्थेच्या नव्या इमारतीच्या भिंती मात्र रिकाम्या होत्या. चित्रकारांनी चित्रे द्यावीत, संस्थेने ती लावावीत, धनिकांनी पाहायला यावे आणि आल्यावर मुलांनाही पाहावे, अशी ही योजना होती. १७४६ च्या अखेरीस हेमन, हायमोर, रॅम्झी, हडसन यांच्यासारखे चित्रकार आणि रिसब्रॅक यांच्यासारखे मूर्तिकार आपापल्या कृती देण्यास पुढे आले. संस्थेने या कलावंतांना विश्वस्तपदाचा मान दिला. सभागृहात चार मोठी चित्रे लागली आणि चारही लहान मुलांच्या रक्षणाच्या बायबलमधील कथांवर. त्यांतील मोझेस या बालकाला राजकन्येपुढे आणल्याचे चित्र होगार्थ यांचे होते. तरुण गेन्सबरो यांनीही एक लहान गोल चित्र दिले. हे दालन पाहणे हा लंडनच्या उच्चभ्रू समाजाचा परिपाठ झाला. ब्रिटनमधील पहिले सार्वजनिक कलादालन म्हणून या संस्थेचा उल्लेख केला जातो. चित्रकारांच्या याच मेळाव्यांतून १७६० चे पहिले सार्वजनिक प्रदर्शन घडले आणि १७६८ मध्ये रॉयल अकादमी स्थापन होण्याची वाट मोकळी झाली. देणाऱ्यांनी दिले आणि देणाऱ्यांनाही मिळाले.

१७५० सालचा प्रसंग तर व्यापारी मंडळींनी विशेष ध्यानात घ्यावा असा आहे. बंडखोरांविरुद्ध निघालेल्या सैन्याची गडबड व बेशिस्त दाखविणारे ‘फिंचलीकडे कूच’ हे चित्र होगार्थ यांनी पूर्ण केले होते. राजाला ते रुचले नाही. होगार्थ यांनी त्याच्या छाप्याची वर्गणी साडेसात शिलिंग ठेवली आणि वर तीन शिलिंग देणाऱ्यास मूळ चित्राच्या सोडतीचे एक तिकीट देऊ केले. १,८४३ तिकिटे गेली. केवळ तिकिटांचे तीन-तीन शिलिंग धरले तरी सुमारे २७६ पौंड होतात. याच होगार्थ यांची विवाहविषयक सहा प्रसिद्ध चित्रे पुढच्या वर्षी सर्व मिळून १२० गिनींना, म्हणजे १२६ पौंडांना गेली, हे लक्षात घेतले म्हणजे सोडतीची कल्पना किती फलदायी होती ते कळते.

उरलेली १६७ तिकिटे होगार्थ यांनी फाउंडलिंग हॉस्पिटलला देऊन टाकली. न खपलेला माल दिला, त्यात काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. पण ती तिकिटे स्वतःच्या नावावर ठेवली असती तर चित्र घरीच राहण्याची सुमारे बारात एक इतकी संधी त्यांना होती. ती संधी त्यांनी मुलांच्या पदरात टाकली. ३० एप्रिल १७५० रोजी सोडत निघाली आणि विजयी तिकीट संस्थेचेच निघाले. योगायोग असा की, दुसऱ्याच दिवशी, १ मे रोजी, संगीतकार हँडेल यांनी याच संस्थेच्या प्रार्थनामंदिरात आपली ‘मसीहा’ ही रचना मदतीसाठी सादर केली. ही प्रथा पुढे वर्षानुवर्षे चालली आणि तिच्यातून संस्थेला सुमारे ७,००० पौंड मिळाले.

होगार्थ दांपत्याला अपत्य नव्हते. १७४९ मध्ये त्यांनी चिझिक या गावी घर घेतले. आश्रयगृहातील तान्ह्या मुलांना खेड्यापाड्यांतील दूधआयांकडे वाढविण्यास पाठवीत. चिझिक परिसरातील अशा मुलांची देखरेख होगार्थ पती-पत्नींनी स्वीकारली आणि काही मुलांना आपल्या घरीही ठेवून घेतले.

१७५१ मध्ये त्यांनी क्रौर्याच्या चार अवस्था दाखविणारी चित्रे काढली. पहिल्या चित्रात धर्मादाय शाळेतला एक मुलगा कुत्र्याचा छळ करतो. मोठेपणी तो घोड्याला मारतो, पुढे स्त्रीची हत्या करतो आणि फासावर जातो. मुक्या जिवाची दया लहानपणी शिकविली नाही तर माणसाचीही दया उरत नाही, हा त्याचा बोध आहे. अन्नवस्त्र मिळालेल्या मुलालाही ममता मिळाली नाही तर काय होते, हेही त्यात दिसते. गरिबांपर्यंत पोहोचावीत म्हणून ही चित्रे त्यांनी अवघ्या एक शिलिंग दराने विकली.

संस्थेचा इतिहास सर्वस्वी सुखाचा नाही. स्वतः कोरम यांचे १७४२ मध्ये विश्वस्तांशी बिनसले व ते कारभारातून दूर झाले. १७५६ ते १७६० या काळात सरकारी अनुदानाच्या अटीनुसार येईल त्या प्रत्येक बालकास प्रवेश द्यावा लागला. सुमारे १५,००० मुले आली आणि त्यांतील दोन-तृतीयांशांहून अधिक दगावली. दयेला व्यवस्थेची जोड नसेल तर काय घडते, याचा हा दुःखद दाखला होगार्थ यांना हयातीतच पाहावा लागला. तरीही त्यांनी संस्थेची साथ सोडली नाही.

२६ ऑक्टोबर १७६४ रोजी लंडनच्या लेस्टर फील्ड्स येथील घरी त्यांचे निधन झाले. चिझिकच्या चर्चच्या आवारात त्यांचे दफन झाले. मागे मोठी संपत्ती नव्हती, पण कोरलेले तांब्याचे पत्रे होते. १७६७ मध्ये संसदेने जेन यांना त्या चित्रांचा २० वर्षांचा हक्क दिला आणि त्यांच्या वैधव्याला आधार मिळाला.

मुलांना निवासी आश्रय देण्याचे संस्थेचे काम १९५४ मध्ये थांबले. तोवर २५,००० च्या आसपास मुले तिच्या छत्राखाली वाढली होती. तिची वारस संस्था कोरम यांच्या नावाने बालकल्याणाचे काम करीत आहे. जुन्या जागेशेजारी २००४ मध्ये खुल्या झालेल्या फाउंडलिंग संग्रहालयात कोरम यांचे व्यक्तिचित्र आणि सोडतीत मिळालेले ‘फिंचलीकडे कूच’ ही दोन्ही चित्रे आहेत. जवळच त्या मातांनी मागे ठेवलेल्या खुणाही जतन केल्या आहेत. चित्र पाहावयास आलेला माणूस त्या कापडाच्या तुकड्यांपाशीही थांबतो. होगार्थ यांनी लावून दिलेली व्यवस्था अशी अद्याप चालू आहे. दिलेले मुद्दल जागच्या जागी आहे आणि त्याच्या व्याजावर करुणा पोसली जात आहे.