लक्ष्मणराव किर्लोस्कर : घर आणि कारखाना

पुण्यात राहणाऱ्याला किर्लोस्कर हे नाव नवे नाही. शेतातल्या पंपावर ते सर्वांनी वाचलेले असते. परंतु एका घराण्याचे आडनाव कारखान्याचे नाव झाले म्हणजे त्या घराण्यावर कोणती जबाबदारी येते, याचा विचार आपण क्वचितच करतो.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण रंगांधळेपणामुळे त्यांना रंग सोडून यंत्रांच्या आराखड्यांकडे वळावे लागले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. तेथे त्यांना डावलून बढती एका अँग्लो-इंडियनाला मिळाली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावात थोरले बंधू रामुअण्णा यांच्या जोडीने सायकलींचा धंदा केला. 'किर्लोस्कर ब्रदर्स' हे नाव असे अक्षरशः दोन भावांचे होते.

नंतर लोखंडी नांगर आला. लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे सुरुवातीला त्याला गिऱ्हाईक मिळेना. त्यातच नगरपालिकेच्या योजनेत कारखान्याची जागा गेली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिले आणि १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसली.

या वाडीत रामुअण्णांप्रमाणेच शंभुअण्णा जांभेकर आणि मंगेशराव रेगे हेही आधारस्तंभ होते. जांभेकरांनी यंत्रांची बाजू सांभाळली, तर रेग्यांनी कचेरीची. दोघांचेही आडनाव पाटीवर नव्हते. पुतणे शंकरराव मासिकाचे संपादक झाले. पुत्र शंतनुराव अमेरिकेतील एम. आय. टी. मध्ये यंत्रविद्या शिकून आले व मगच कारखान्यात शिरले. नाते होतेच, पण नात्याला कामाची जोड होती.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. भागधारकांचा पैसा आला, म्हणजे जमाखर्च चारचौघांपुढे मांडणे आले. तरीही त्या काळच्या मॅनेजिंग एजन्सीच्या पद्धतीने कारभाराची दोरी घराण्याच्याच हाती राहू शके. ही पद्धत देशात १९७० साली कायद्याने बंद झाली. घराणे आणि कंपनी यांच्यातील सीमारेषेचा प्रश्न मात्र मिटला नाही. लक्ष्मणरावांच्या वारसांतील वादही २०२१ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता.

माझे वडील एका लहान वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतात. तेथे मालकाच्या मुलाला खुर्ची आपोआप मिळाली; वीस वर्षांच्या कारागिराला साधा हिशेबही विचारता येत नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. म्हणून लक्ष्मणरावांचे चरित्र वाचताना मला नांगरापेक्षाही जांभेकर आणि रेगे यांना मिळालेली जागा मोठी वाटते.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. त्याआधी दहा वर्षे, १९४६ साली, पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑईल इंजिन्सचा कारखाना सुरू झाला होता. घराण्याचे नाव पाटीवर लावणे सोपे आहे. परक्या माणसाच्या घामाला आणि परक्याच्या पैशाला त्या नावाने उत्तर देणे अवघड आहे. आज जे धंद्यात वडिलांची खुर्ची घेतील, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

— द्वितीय वर्ष, कला